मिक्सर कधी थांबवायचा? सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत बाळाचं वरचं खाणं आणि हातात द्यायचे तुकडे

बाळ नऊ-दहा महिन्यांचं झालं तरी सगळं मिक्सरमधून फिरवून, वर गाळून, चमच्याने भरवायचं, हे खूप घरांत चालू असतं आणि त्यामागे भीती एकच असते, घशात अडकेल. भीती खरी आहे, तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, पण त्या भीतीपायी गुळगुळीत पेस्ट वर्षभर चालू राहिली की वेगळाच त्रास सुरू होतो, मूल दीड वर्षाचं होतं आणि भाताचं शीत जिभेला लागलं तरी ओकारी काढतं, पोळीचा घास गालात धरून बसतं. डब्ल्यूएचओचं (जागतिक आरोग्य संघटनेचं) पण हेच म्हणणं आहे, गुठळ्यांचं खाणं दहा महिन्यांच्या पुढे ढकललं तर नंतर खाण्याच्या तक्रारी वाढू शकतात. म्हणून माझं सरळ सांगणं आहे की आठव्या महिन्यात मिक्सर बाजूला ठेवा आणि बाळाच्या हातात खाणं द्यायला लागा. ते कसं करायचं, काय द्यायचं, काय अजिबात नाही, ते एकेक करून बघू.

आधी दूध, आणि रजा संपायची वेळ

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. (फॉर्म्युलावर, म्हणजे डब्यातल्या पावडरच्या दुधावर असलेल्या बाळालाही वरचं खाणं साधारण सहा महिन्यांनाच.) आता आपल्याकडे २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना पगारी रजा २६ आठवड्यांची झालीय, पण त्यातले आठ आठवडेपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात, म्हणजे कितीतरी जणींची रजा बाळ पाच-सहा महिन्यांचं असतानाच संपते आणि नेमकं तेव्हाच वरचं खाणं सुरू करायचं असतं. आई दिवसभर घरात नाही, वाटी-चमचा नवा, भरवणारे हात नवे, हे सगळं एकाच आठवड्यात बाळावर येऊन पडतं. जमलं तर कामावर जायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून दिवसातलं एखादं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायची सवय करा, आणि ते आईने नाही तर आजीने किंवा बाबाने पाजा, कारण आई समोर दिसली की बाळ वाटी कशाला घेईल?

काढलेलं दूध पंचवीस डिग्रीपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रीजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस, फ्रीजच्या दारात ठेवू नका. नागपूर-अकोल्याच्या एप्रिल-मेमध्ये चार तास वगैरे विसरा, काढलं की लगेच फ्रीजमध्ये. गरम करायचं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. पाजून उरलेलं दोन तासांत संपवा, नाहीतर टाकून द्या, जिवावर येतं पण टाका.

कामावर जायला लागलं की बरीच बाळं दिवसा कमी पितात आणि संध्याकाळी आई आली की रात्रभर अंगाला चिकटून पिऊन घेतात. आईचं दूध आटलं, बाळाची सवय बिघडली असं काही नसतं, ते दिवसाची भरपाई करतंय. दमायला होतं हे खरंच, म्हणून रात्रीची बाकीची कामं घरातल्या दुसऱ्यांनी उचलायला हवीत.

बाळ तयार आहे का?

कॅलेंडरसोबत बाळाकडेही बघा. मान पक्की धरतंय का, थोड्या आधाराने बसतंय का, हातात येईल ते तोंडात घालतंय का, आणि चमचा जिभेला लागल्यावर सगळं जिभेने बाहेर ढकलणं कमी झालंय का. दात नसले तरी काही बिघडत नाही, हिरड्या चांगल्या टणक असतात, मऊ शिजलेलं त्या आरामात चिरडतात.

उष्टावणाबद्दल. मुलाचं सहाव्या-आठव्या, मुलीचं पाचव्या-सातव्या महिन्यात करायची रीत बऱ्याच घरांत आहे. पाचव्यात करायचा आग्रह असेल तर मुलीचं सरळ सातव्यात करा, रीतही राहते आणि पोटही सांभाळलं जातं. मामाच्या हातून खिरीचं एक चाटण ठीक आहे, पण मध कुठल्याही रूपात नको, ना अंगठीवर, ना बाळगुटीत. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम होऊ शकतो, तो आजार जिवावर बेततो. घरचा, रानातला, शुद्ध, कुठलाही मध असो, नाही म्हणजे नाही.

सहावा-सातवा महिना (सहा पूर्ण झाल्यावर): पातळ नको, दाट

सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्व, उकडून कुस्करलेला लाल भोपळा, केळं. सगळ्यात जास्त मी ज्याच्यासाठी भांडते ते म्हणजे वरणाचं वरचं पाणी. ते देऊन पोट भरल्यासारखं होतं पण त्यात खाणं जवळजवळ नसतंच, डाळ खाली बसलेली असते आणि बाळाला वरचं पाणी. बाळाचं पोट एवढंसं, त्यात पाणी भरलं की दुधालाही जागा राहात नाही. चमचा वाकडा केला तर खाणं चटकन ओघळून जायला नको, तेवढं दाट पाहिजे. वाटीत वरून चमचाभर तूप किंवा तेल घाला.

मीठ आणि साखर वर्षापर्यंत नकोच, गूळही नको. (साखर तर दोन वर्षांपर्यंत टाळा.) आपल्याला अळणी लागतं, बाळाला तीच चव माहीत असते.

लोहाचा विचार याच महिन्यापासून करायचा, कारण जन्मताना सोबत आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह कमीच असतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या ६७ मुलांमध्ये रक्त कमी आढळलं, म्हणजे ही दुसऱ्या कुणाच्या घरातली गोष्ट नाहीये. डाळी, अंडं, मासे, चिकन-मटण, हिरव्या पालेभाज्या रोजच्या खाण्यात आणा आणि वरणावर लिंबाचे दोन थेंब पिळा, डाळीतलं लोह त्याने जास्त शोषलं जातं. आशाताई किंवा अंगणवाडीतून लोहाचं सिरप मिळतं, सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक मिली, ते घ्या, डॉक्टरांच्या कानावर घालून घ्या. आणि चहात बुडवलेलं बिस्किट, आजोबांच्या मांडीवर बसून खाल्लं तरी, बंद करा. चहाने लोह शोषलं जात नाही आणि बिस्किटात मैदा-साखर.

शेंगदाणा आणि अंडं उशिरा द्यायची पूर्वीची पद्धत आता बदललीय. २०१५ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना शेंगदाणा लवकर सुरू केल्यावर त्याची अ‍ॅलर्जी बरीच कमी झालेली दिसली. आपल्याकडे तर कूट ओट्यावरच असतं. अगदी बारीक, पिठासारखं करून भाजीत किंवा खिचडीत नीट ओलं मिसळून द्या, जाडसर कूट नको, अख्खा दाणा तर नकोच नको. अंडं पूर्ण शिजवलेलं. असं नवीन काही द्यायचं तर एका वेळी एकच, आणि सकाळी द्या, म्हणजे अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलट्या असं काही झालं तर दिवस हाताशी असतो. बाळाला जोराचा एक्झिमा (त्वचा लाल, कोरडी होऊन खाज सुटणं) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

हातात द्यायचं: पहिला तुकडा कसा असावा

बाळ आधाराने नीट बसायला लागलं की सहाव्या-सातव्या महिन्यातही सुरू करता येतं, आठव्यात तर नक्की. या वयात बाळ अख्ख्या मुठीने पकडतं, अंगठा आणि बोटाची चिमूट अजून आलेली नसते. म्हणून तुकडा लांब पाहिजे, तुमच्या बोटाएवढा, म्हणजे अर्धा मुठीत आणि अर्धा वर निघालेला. लहान फोड दिली की ती मुठीत गडप होते, बाळाला खाता येत नाही आणि ते चिडतं.

मऊपणा कसा ओळखायचा? तुकडा अंगठा आणि बोटात धरून हलकं दाबा. सहज चिरडला तर द्यायचा, दाबायला जोर लागला तर परत शिजवायचा. घरात कुणीही भरवणार असेल, त्याला हे एवढं शिकवून ठेवाच.

लाल भोपळा हा माझ्या मते पहिला तुकडा म्हणून सगळ्यात भारी. सालीसकट लांब फोडी करा, कुकरमध्ये वरण-भाताच्या डब्यावर वेगळ्या वाटीत पाणी न घालता ठेवा, साल असल्यामुळे फोड फुटत नाही, देताना साल काढून टाका. माझ्या भाचीच्या लेकीला पहिल्यांदा दिला तेव्हा तिने तो आधी ताटलीवर आपटला, मग मुठीत इतका दाबला की बोटांच्या फटींतून केशरी लगदा बाहेर आला, आणि तोच लगदा ती मनगटावरून चाटत बसली. पोटात गेला असेल जेमतेम चमचाभर. पहिले काही आठवडे एवढंच होणार, पोट चमच्याने आणि दुधाने भरायचं आणि हाताने शिकायचं, दोन्ही एकाच जेवणात बिनधास्त चालतं.

रताळं, गाजर, दुधी, बीट असंच उकडून. केळं पिकलेलं घ्या, सोलून टोकावर बोट हलकं दाबलं की ते आपोआप उभ्या तीन फाकांत सुटतं. हातातून निसटत असेल तर भाजलेल्या नाचणीच्या पिठात घोळवा. पिकलेली पपई, बिया आणि साल काढलेला मऊ चिकू, आंब्याची फोड. इडलीच्या उभ्या कापट्या तूप लावून, मुगाच्या डाळीच्या मऊ धिरड्याच्या पट्ट्या, पूर्ण शिजलेल्या ऑम्लेटच्या पट्ट्या, मऊ पनीर. मासे खाणाऱ्या घरात पापलेट सोपं, पण काटे डोळ्यांनी नाही, बोटांनी चाचपून काढा, प्रत्येक तुकडा चिमटीत कुस्करून बघायचा, घाई असेल त्या दिवशी मासा देऊच नका. चिकन मऊ शिजवून धागे सोडवून किंवा खिम्याची ओलसर लांबट टिक्की.

पोळीबद्दल जरा सांभाळून. कोरडी पोळी आणि पाव लाळेत भिजून चिकट गोळा होतो आणि टाळूला चिकटतो. पट्टी वरणात भिजवून द्या नाहीतर चमच्याने कुस्करून. भाकरी आमटीत कुस्करलेली आठव्या महिन्यापासून छान चालते, फक्त आमटी तिखट-मीठ घालायच्या आधी काढून ठेवलेली.

नववा-दहावा महिना: चिमूट आली

एक दिवस बाळ जमिनीवरचा केस किंवा रांगोळीचा कण चिमटीत उचलताना दिसेल. तेव्हा तुकडे लहान करा, हरभऱ्याएवढे. मऊ शिजलेला मटार आणि राजमा बोटाने दाबून चपटा केलेला, उकडलेल्या भाज्यांच्या बारीक फोडी, भाताची छोटी मुटकुळी, उपम्याचे मऊ गोळे. ताटलीत एका वेळी चार-पाचच ठेवा, ढीग दिसला की मुठी भरभरून तोंडात कोंबतात नाहीतर सगळं खाली ढकलून देतात.

प्रमाणाचं म्हणाल तर सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन जेवणं आणि हळूहळू अर्धी वाटी, नऊ ते अकरामध्ये तीन-चार जेवणं अर्धी वाटी आणि मध्ये एखादं खाऊ, वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, वाटी म्हणजे अडीचशे मिलीची. यात रोज वर-खाली होणारच. दात येताना, सर्दीत, लस घेतल्यावर बाळ दोन दिवस नुसतं दूध मागेल, मागू दे, बरं झाल्यावर काही दिवस एक जेवण जास्तीचं द्या. सहा महिन्यांनंतर वजन वाढायचा वेग तसाही मंदावतो, शेजारच्या बाळाशी तुलना करण्यापेक्षा माता व बाल संरक्षण कार्डावरची वाढीची रेघ बघा.

घशात अडकणं आणि नुसती ओकारी

हे नीट वाचा आणि घरातल्या सगळ्यांना वाचायला लावा. बाळाच्या जिभेवर ओकारीची जागा मोठ्यांपेक्षा बरीच पुढे असते, त्यामुळे तुकडा जरा मागे गेला की ते ओकारी काढतं, तोंड लाल होतं, डोळ्यांत पाणी येतं, आवाज येतो, खोकतं, आणि तुकडा पुढे आणतं. ही शरीराची राखण आहे. तेव्हा तोंडात बोट घालू नका, ओरडू नका, समोर शांत बसा. घाबरून बोट घातलं तर पुढे येणारा तुकडा मागे ढकलला जातो.

खरंच अडकलं तर आवाज जातो. खोकता येत नाही, रडता येत नाही, ओठ निळसर पडायला लागतात. तेव्हा वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं धडापेक्षा खाली, जबडा हाताने धरलेला, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरकस थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, पाच वेळा दाबा. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच दाब, तुकडा निघेपर्यंत. दुसऱ्या कुणीतरी तोवर रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा. बाळ बेशुद्ध पडलं तर लगेच सीपीआर (छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू. पाय धरून उलटं लटकवायचं नाही, दिसत नसताना घशात बोटाने शोधायचं नाही. सीपीआरचं प्रशिक्षण कुठे मिळालं तर आई-बाबांसोबत आजी-आजोबांनी आणि सांभाळायला येणाऱ्या ताईंनी पण घ्या.

काय द्यायचंच नाही: अख्खे शेंगदाणे, काजू-बदाम, फुटाणे, चिवडा, मक्याच्या लाह्या, अख्खी द्राक्षं, बोरं, डाळिंबाचे दाणे, कच्चं गाजर आणि कच्चं सफरचंद, बियांसकट सीताफळ, चिंचोके असलेली चिंच, गोळ्या-चॉकलेट. द्राक्ष द्यायचं तर साल-बी काढून उभं चार भागांत चिरून. आपल्याकडे शेंगदाणा श्वासनलिकेत जायच्या केसेस कानाच्या-नाकाच्या-घशाच्या डॉक्टरांकडे नेहमी येतात, आणि कितीदा तरी तो दाणा मोठ्या भावंडाने लाडाने भरवलेला असतो. दिवाळीत फराळाच्या ताटापासून रांगणाऱ्या बाळाला लांब ठेवा आणि दादा-ताईला समजावून सांगा.

बसायचं कसं, तर ताठ. महागडी खुर्ची नसली तरी चालते, जमिनीवर मांडी घालून बसा आणि बाळाला मांडीत ताठ बसवा, समोर ताटली. झोपाळ्यात रेललेलं, रांगतंय, खेळतंय, गाडीत, एसटीत, अशा वेळी तुकडे नकोत. आणि एक मोठं माणूस समोर, पूर्ण वेळ, फोन बाजूला ठेवून.

तोंड फिरवलं तर

सासूबाई म्हणतात, "अगं, हातात कशाला देतेस, चार घास भरव ना, पोट तरी भरेल." त्यांची काळजी खोटी नसते, म्हणून भांडण्यापेक्षा त्यांनाच तुकडा चिरडून बघायला द्या, "आई, बघा ना, किती मऊ झालाय", मग बहुतेक वेळा त्याच पुढच्या वेळी भोपळा उकडून ठेवतात.

काय द्यायचं, कधी द्यायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते बाळाने. तोंड फिरवलं, ओठ मिटले, चमचा ढकलला की जेवण संपलं. वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. मोबाईलवर गाणं लावून तोंड उघडलं की घास सरकवायचा हा प्रकार कृपा करून सुरू करू नका, बाळाला भूक आणि पोट भरणं दोन्ही कळेनासं होतं, आणि दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच असं आपले बालरोगतज्ज्ञही सांगतात. नवी चव आठ-दहा वेळा समोर आल्यावर पसंत पडते, दोनदा थुंकलं म्हणून दुधी बाद करू नका, चार दिवसांनी परत ठेवा. खाणं आणि दूध यात तास-दीड तासाचं अंतर ठेवून बघा, भुकेने कळवळलेलं बाळ नवं काही शिकत नाही आणि टम्म भरलेलं बाळ तोंड उघडत नाही.

डायपर बघून पण घाबरू नका. गाजराचे तुकडे जसेच्या तसे येतात, बिटाने लाल होतं, केळ्याने काळे बारीक दोरे दिसतात, जंत नसतात ते. शी घट्ट झाली तर पाण्याचे घोट वाढवा, पपई द्या, भात-केळं थोडं कमी करा. पाणी उकळून गार केलेलं, छोट्या उघड्या पेल्यातून, सहा महिन्यांपासूनच.

डॉक्टरांकडे कधी जायचं? वजन दोन महिने जागचं हललं नाही, गिळताना दरवेळी ठसका लागतो, प्रत्येक जेवणाला उलटी, शीमध्ये रक्त, किंवा दहा महिने झाले तरी गुठळी असलेलं काहीच तोंडात टिकत नाही, यातलं एकही असेल तर वाट बघू नका.

वर्ष झाल्यावर

आता बाळ घरच्या ताटात. फोडणीत तिखट घालायच्या आधी त्याची वाटी बाजूला काढा, बाकी तेच वरण, तीच भाजी, मऊ पोळी. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवता येतं. गाईचं-म्हशीचं दूध प्यायला वर्षानंतरच, आणि दिवसाला चारशे-पाचशे मिलीच्या वर नको, नाहीतर दुधावरच पोट भरतं, जेवण मागे पडतं आणि रक्त कमी होतं. बाटली असेल तर बारा ते अठरा महिन्यांच्या मध्ये सोडवा, आधी दिवसाच्या एकेक बाटल्या पेल्यावर आणा, झोपतानाची सगळ्यात शेवटी, आणि ती चालू आहे तोवर दूध पिऊन झालं की दात ओल्या फडक्याने पुसूनच झोपवा.